मोठ्या बरणीत ओला चमचा नको

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५८. घरीच चटणी-मसाल्याचा व्यवसाय, हंगामात हाताखाली दोन बायका. हिशेब, गिऱ्हाइकांची यादी, पाकिटांवरची लेबलं हे सगळं २०१६ मध्ये यजमानांनी घेतलेल्या लॅपटॉपवर चालतं. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. लॅपटॉप आता सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो, मध्येच हँग होतो आणि विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची पाटी दाखवतो. दुकानातला पोरगा म्हणतो, "फॉरमॅट मारायला लागतंय," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. बेंगळुरूचा मुलगा म्हणतो, "आई, भंगारात टाक ते, मी टॅब पाठवतो." ताईंना दोन्ही नको आहे. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या भाड्याच्या घरात त्यांचे सगळे अल्बम भिजून गेले. उरलेले फोटो आणि यजमानांनी टाइप केलेली पत्रं याच लॅपटॉपमध्ये आहेत. "तेवढं तरी सुरक्षित आहे," असं त्या लिहितात आणि विचारतात : "टॅब घ्यावा, नवीन लॅपटॉप घ्यावा, की हाच ओढावा? या वयात मला हे जमणार आहे का? दर वेळी मुलाला फोन करायची लाज वाटते."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात माझं बोट एकाच वाक्यावर अडलं, "तेवढं तरी सुरक्षित आहे." नऊ-दहा वर्षं जुनी हार्ड डिस्क, तिच्यात सगळ्याची एकच प्रत. टॅब की लॅपटॉप हा प्रश्न महिनाभर थांबला तरी काही बिघडत नाही. हा एकाच प्रतीचा प्रश्न थांबणार नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० वेळा, आणि फिरणारी वस्तू कधीतरी झिजते. ती कळवून बंद पडत नाही. कधी टकटक आवाज येतो, कधी तोही नाही. टकटक ऐकू आली तर "आजचं तेवढं उरकू" म्हणू नका, त्या क्षणी मशीन बंद करून जाणकाराकडे न्या.

तुम्ही वर्षाची चटणी करता तेव्हा काय करता? सगळी एका बरणीत भरून तीच रोज उघडता का? मोठी बरणी माळ्यावर, दादरा बांधून. रोजच्याला छोटी बरणी. आणि सुनेला, मुलीला, भाचीला पहिलं काय सांगता? ओला चमचा मोठ्या बरणीत घालायचा नाही. संगणकाच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात आणि त्यावर लोक तासभर व्याख्यान देतात. तुम्हाला ते आधीच येतं. तुमची सध्याची अडचण इतकीच, की इतक्या वर्षांची चटणी एकाच बरणीत आहे आणि तीच रोज उघडताय.

तेव्हा या आठवड्यात, बाकी काहीही करण्याआधी, एक बाहेरची हार्ड डिस्क आणा. एक टीबीची पुरेल. राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळते. पेनड्राइव्हवर भागवू नका. तो हरवतो, खराब होतो, आणि हळदी-कुंकवाच्या वाणासारखा या हातातून त्या हातात जातो. डिस्क लावायची, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे चारही फोल्डर कॉपी करायचे. डेस्कटॉप मुद्दाम सांगते, कारण समोर दिसतं ते कुठेतरी वेगळ्या जागी ठेवलेलं असतं असं वाटतं आणि तेच विसरलं जातं. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. सतत लावून ठेवलेली डिस्क म्हणजे उघडी मोठी बरणी. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला किंवा वळवात वीज कडाडून विजेचा झटका आला, तर दोन्ही एकदम जातील.

आणि हे झाल्यावर त्या डिस्कवरच्या पाच-सहा फाइली दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

जमलं तर तशीच दुसरी डिस्क भरून गावातल्या उंच भागात राहणाऱ्या बहिणीकडे नाहीतर पाव्हण्यांकडे ठेवा. जाणकार लोक तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असं सांगतात. २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला यातलं 'घराबाहेर' समजावून सांगावं लागत नाही. घराबाहेरची प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवली तरी चालते, पण तिथं फुकट जागा १५ जीबी, आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात. दुसरं म्हणजे गूगल फोटोज ही मोठी बरणी नव्हे. फोनवर त्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला की तो तिकडूनही जातो. साठ दिवस कचऱ्याच्या टोपलीत असतो, नंतर नाही. नातवाच्या हातात फोन देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दुकानातल्या पोराबद्दल. मी त्याच्यावर रागावणार नाही, त्याच्याकडे दिवसाला वीस मशीन येतात आणि फॉरमॅट हा त्याचा क्रोसिन आहे. पण "डेटा डी ड्राइव्हला घेतो, काय होत नाय" असं तो म्हणाला तर मान डोलावू नका. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पुढच्या खोलीतलं सामान मागच्या खोलीत नेलं म्हणून घर पुरातून बाहेर निघत नाही. माझा स्वतःचा संगणक असाच एकदा "सगळं डी ला घेतलंय" म्हणून परत आला होता. सगळं होतं, फक्त डेस्कटॉपवरचं एक फोल्डर नव्हतं. त्यात मुलीच्या बारावीच्या नोट्स होत्या. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. त्यानंतर मी बरणीचं शिकले.

लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून हळू चालतो, हे तुमचं दुसरं गृहीत. तेही तपासून बघू. तुम्ही रोज रात्री तो शट डाउन करता, बरोबर? विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनवर चालूच असते. तिच्यामुळं शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, आतलं अर्धं सामान बांधून ठेवतं आणि सकाळी तेच पुन्हा पसरतं. महिनोन्‌महिने हेच चाललं की गुंता वाढतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा, दर सोमवारी म्हणा, रीस्टार्ट. गंमत म्हणजे 'बंद' पेक्षा 'पुन्हा सुरू' जास्त स्वच्छ बंद करतं. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. खिडकी छोटी असेल तर 'मोअर डिटेल्स' दाबा. तिथं सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने आहेत. काही न करता डिस्कखाली ९८, ९९, १०० टक्के दिसत राहिलं, तर तुमचा आजार डिस्कचा आहे. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, कमी पडतेय. त्याच खिडकीत 'स्टार्टअप' नावाचं पान आहे. लॅपटॉप उठता उठता कोण कोण बरोबर उठतंय त्याची ती यादी. लग्नघरात पहाटेच सगळे पाव्हणे न्हाणीघराबाहेर उभे, तसं. ओळखीची नावं, म्हणजे यूट्यूबच्या गाण्यांचा डाउनलोडर, प्रिंटरची जाहिरात, कधीकाळी टाकलेलं चॅटचं अ‍ॅप, यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. याने काही पुसलं जात नाही, फक्त ते आपोआप उठायचं थांबतं. ज्याचं नाव कळत नाही त्याला हात लावू नका.

जागेचंही बघा. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगतं. लॅपटॉपलाही तशी खूण असते. 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हखाली एक पट्टी दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती लाल होते. लाल झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा निळी असतानाच आवरा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं गेलात की काय काय पुसता येईल त्याची यादी येते. त्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक घर असतं. त्यावर खूण नाही हे बघितल्याशिवाय पुसायचं बटण दाबू नका. पावत्या, आधारची पीडीएफ, मुलाने पाठवलेले फोटो, सगळं बहुधा तिथंच पडलेलं असतं.

एवढं करूनही लॅपटॉप रेंगाळला तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवा. त्यात फिरणारं काही नसतं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, तुमच्या लॅपटॉपला बसणारी एसएसडी पाचशेच्या आसपास. बारीकसारीक हजारो फाइली शोधताना, म्हणजे नेमकं सुरू होताना, फरक याहूनही मोठा जाणवतो. दहा मिनिटांचं बहुधा एका मिनिटाच्या आत येतं. रॅम ४ जीबी असेल आणि जागा असेल तर ८ करून घ्या. दोन्हीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानं बराच कमी आहे. दुकानात गेल्यावर "फॉरमॅट नको, क्लोन करून द्या" एवढंच म्हणा. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नव्यावर उतरतं, तुमची एक्सेलची वही होती त्याच जागी सापडते. आणि काढलेली जुनी डिस्क परत मागून घ्या. ती तुमची आहे. कुणी "विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचे वेगळे पैसे" म्हणालं तर देऊ नका. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज १० चा परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, इंटरनेट मिळालं की आपोआप लागतो. चोरीच्या विंडोजबरोबर काय काय येतं ते सांगत बसत नाही.

त्या पाटीचं काय? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, हे खरं. पण लॅपटॉप त्या दिवशी बंद पडलेला नाही. नव्यानं सापडणाऱ्या भोकांना ठिगळं लावायचं त्यांनी थांबवलंय. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळांची मुदतवाढ आहे. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटीत जाऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करायची, सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकटात होते. विंडोज ११ तुमच्या मशीनवर रीतसर बसणार नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि तुमचा २०१६ चा आहे. मुदत संपल्यावरही लेबलं छापायला आणि हिशेबाला तो वापरता येईल, फक्त वायफाय बंद ठेवून. बँकेचं काम त्यावर मग करायचं नाही.

आता टॅब. मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो प्रेमाने देतोय, घ्या. डंकावर मिरची कांडताना ऑर्डर बघायला, व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला, नातवाशी बोलायला लॅपटॉपपेक्षा टॅब कितीतरी सोयीचा. अक्षरं मोठी करता येतात. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबलं की बोलाल ते मराठीत उमटतं, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीतला फरकही तोंडीच सांगा. फक्त मुलाला दोन गोष्टी विचारा. साठवण १२८ जीबी आहे का, आणि कंपनी सुरक्षेची अपडेट किती वर्षं देणार? स्वस्त टॅब इथंच मार खातात. पण तुमचा जुना यूएसबीचा प्रिंटर टॅब ओळखेल याची खात्री नाही, आणि वीस रकान्यांचा हिशेब बोटाने सरकवत भरायचा म्हणजे हातमोजे घालून मेथी निवडण्यासारखं. टॅब हा लॅपटॉपचा बदली खेळाडू नाही, तो दुसऱ्या कामाला आहे. तेव्हा टॅब घ्या आणि लॅपटॉपही ठेवा. नवीन लॅपटॉप यंदा नको. पुढं घ्यायची वेळ आली तर एसएसडी आणि किमान ८, जमलं तर १६ जीबी रॅम बघा. आणि काहीही बदलायचं ते मार्चच्या आत. चटणीच्या हंगामात मशीनला हात लावायचा नाही.

तुम्ही विचारलंत, या वयात जमणार का. पन्नास किलो मिरचीला कांदा, लसूण, खोबरं, मीठ किती, हे तुम्ही अंदाजाने सांगता आणि चव दर वर्षी तीच येते. त्यामानाने कंट्रोल आणि एस एकदम दाबून फाइल जपून ठेवणं काही अवघड नाही. कंट्रोल-झेड दाबलं की शेवटची चूक मागे जाते, हे एवढं एक कळलं तरी भीती निम्मी होते. चटणीत मीठ जास्त पडलं तर तेवढी सोय नाही.

मुलाला फोन करायची लाज वाटते म्हणता. मला वाटतं, फोन करणं ठीकच आहे, फोनवर जे होतं ते बदला. आत्ता तो म्हणतो "तिथं क्लिक कर, आता तिथं," काम होतं आणि तुमच्या हाती काही उरत नाही. एक वही करा. तो सांगेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा, "खाली डावीकडं चार चौकोन" असं. दुसऱ्यांदा तीच अडचण आली की आधी वही, मग फोन. अगदीच अडलं तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. मुलाकडून आलेला कोड तुम्ही त्यात टाकलात की त्याला तुमचा पडदा दिसतो. मात्र माउस तुमच्या हातात ठेवून त्याला फक्त बघायला सांगा. हा कोड मुलाशिवाय कुणाचाही टाकायचा नाही. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे" असा फोन कधीच खरा नसतो. पडद्यावर भोंगा वाजवत नंबर झळकला तर तो लावू नका, आल्ट आणि एफ-फोर दाबून खिडकी बंद करा, नाही झाली तर सरळ मशीन बंद करा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन.

यजमानांचं गूगल खातं अजून आहे का, तेही मुलाला बघायला सांगा. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसं सुरू झालंय. लॅपटॉपचा पासवर्ड त्यांच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असेल आणि ते खातं त्यांच्या बंद पडलेल्या मोबाइल नंबराला जोडलेलं असेल, तर एक दिवस तुम्ही स्वतःच्याच दाराबाहेर उभ्या राहाल. आज आत जाता येतंय तोवर तुमच्या नावाने वेगळं खातं करून घ्या. पासवर्ड वहीत लिहिला तर काही लोक नाकं मुरडतील. घरातली वही कुलपात असेल तर खुशाल लिहा.

राहिली पत्रं. यजमानांनी ती बहुधा शिवाजी फाँटमध्ये टाइप केली असतील, त्या काळी आपल्याकडे बरेच जण तेच करायचे. तसं असेल तर टॅबवर किंवा नव्या मशीनवर ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल आणि तुमचा जीव घाबरा होईल. पत्रं बिघडलेली नसतात, तो फाँट तिथं नसतो इतकंच. तुमच्या लॅपटॉपवर तो आहे. म्हणून बॅकअप झाला की एकेक पत्र याच लॅपटॉपवर उघडा, कंट्रोल-पी दाबा, प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा आणि नाव देऊन जपून ठेवा. अक्षरं पीडीएफमध्ये फाँटसकट बसतात, मग ते पत्र टॅबवर, फोनवर, बेंगळुरूत कुठंही जसंच्या तसं वाचता येतं. दुकानात लॅपटॉप न्यायच्या आधी हे करा. रोज रात्री दोन पत्रं केलीत तरी चालेल, आणि मुलाला पाठवायचं राहू देऊ नका. त्याने ती वाचली आहेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.